हद्द मागून येते : पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मधली गावं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : वाघोली, धायरी, मारुंजी, चऱ्होली पाहिलं की पुणे कुठे संपतं तेच कळत नाही. शेजारची शहरं अशी एकमेकांत मिसळतात तेव्हा नेमकं काय घडतं? गाव महापालिकेत गेल्यावर काय बदलतं? आणि हद्दीच्या आत-बाहेर दोन-चार गुंठे घ्यायचे असतील तर काय पाहावं?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘शहराची हद्द’ ही एक रेषा नसते. महापालिकेची हद्द वेगळी, बांधकाम परवानगी देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाची वेगळी, पोलीस आयुक्तालयाची वेगळी आणि जनगणनेची वेगळी. हिंजवडी हे याचं ठळक उदाहरण. माहिती तंत्रज्ञान पार्क एमआयडीसीचा (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ), गाव ग्रामपंचायतीचं, आजूबाजूच्या जमिनीचं नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि वाहतूक कोंडी झाली की फोन पिंपरी-चिंचवड पोलिसांना. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की ओढा कुणी बुजवला, गटार कुणाचं आणि चर कुणी खणायची यावर चार कार्यालयांत पत्रव्यवहार होतो. कुणी एक नालायक आहे म्हणून हे होत नाही. प्रत्येकाच्या नकाशावर तो ओढा दुसऱ्याच्या हद्दीत असतो.

जनगणनेची व्याख्या मात्र कोरडी आणि उपयोगी आहे. कायद्याने नगर नसलेलं गावही लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटींत बसलं तर ‘जनगणना नगर’ ठरतं. अशी नगरं एकमेकांना लागून सलग पसरली की त्यांचा मिळून नागरी समूह होतो. २०११ मध्ये पुणे महापालिकेत सुमारे ३१.२ लाख, पिंपरी-चिंचवडमध्ये १७.३ लाख आणि तिन्ही कॅन्टोन्मेंटसह पुण्याच्या सलग नागरी समूहात सुमारे ५०.५ लाख माणसं मोजली गेली. म्हणजे मोजणीच्या दृष्टीने ही शहरं केव्हाच एक झाली आहेत. कारभार वेगळा राहिला.

शहरं वर्तुळात वाढत नाहीत. ती रस्त्याने वाढतात. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मग एमआयडीसी, टेल्को, आकुर्डीला बजाज. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महापालिका. पुण्यापासून हे सगळं तुटक होतं, कारण मध्ये मुळा नदी आणि लष्कराची जमीन : खडकी कॅन्टोन्मेंट, दापोडीचं सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय. ती जमीन आजही भरलेली नाही. म्हणून जुन्या मुंबई रस्त्यावर दोन शहरांमध्ये अजून झाडी दिसते आणि दोन्ही शहरं खरी चिकटली ती पश्चिमेकडून, बंगळूर महामार्गालगत. १९९७ मध्ये मुळेच्या एका काठाचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये गेलं, दुसऱ्या काठाचं बाणेर-बालेवाडी पुण्यात. दोन्हीकडे टॉवर उभे राहिले. मधला पूलही झाला, पण बालेवाडीच्या बाजूला पोचरस्त्याची जागा ताब्यात नसल्याने तो कित्येक वर्षं वापराविना पडून राहिला. दोन शहरं जोडण्यात अवघड काय असतं हे त्या पुलाकडे पाहून कळतं. काँक्रीट सोपं असतं, शेवटचे काही मीटर जमीन अवघड असते.

या वाढीचा क्रम जवळपास ठरलेला आहे. कारखाना किंवा कंपनी येते. गावठाणात भाड्याच्या खोल्या चढतात. मग रस्त्यालगतच्या शेतात गुंठ्यांचं प्लॉटिंग, त्यानंतर मोठ्या बिल्डरच्या स्कीम, मग दुकानं. मागची शेती आणखी दहा-पंधरा वर्षं तशीच राहते आणि ती जेव्हा विकली जाते तेव्हा तिथे जायला रस्ता उरलेला नसतो. आपल्याकडे शेतं वाटण्या होऊन लांब आणि अरुंद पट्ट्यांत विभागलेली असतात. एकेक पट्टा स्वतंत्रपणे विकसित होतो, प्रत्येक पट्ट्याचा रस्ता मुख्य रस्त्यापासून आत जातो आणि बांधावर थांबतो. शेजारच्या सोसायटीत जायला पुन्हा मुख्य रस्त्यावर यावं लागतं. उंड्री-पिसोळी किंवा वाकडचा नकाशा काढून पाहा, कंगव्यासारखा दिसतो. कोंडीचं कारण गाड्यांची संख्या हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे बांधांचं रस्त्यांत झालेलं रूपांतर, आणि उड्डाणपुलाने ते बदलत नाही.

आता गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने पाडून विकण्याचं गणित. ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. एक गुंठा ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. एकराचा चौरस तुकडा धरला तर त्याची बाजू साधारण ६३.६ मीटर. रीतसर ले-आउट करायचा तर ४,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे ४०५ चौरस मीटर. मधून ९ मीटरचा एक रस्ता काढला की आणखी ५७२ चौरस मीटर गेले. उरले सुमारे ३,०७० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ३० गुंठे विकायला. तेच बेकायदा प्लॉटिंग करणारा १२ फुटांची वाट ठेवतो, मोकळी जागा ठेवत नाही आणि साडेसदतीस गुंठे विकतो. एकरी सात-साडेसात गुंठ्यांचा हा फरक आहे. शिवाय बिगरशेती आकार, विकास शुल्क, मोजणी, नळ-गटार यांचा खर्च शून्य. ‘हद्दीबाहेर स्वस्त मिळतं’ यातला स्वस्तपणा हा असा येतो. तो पैसा वाचलेला नसतो, पुढे ढकललेला असतो. वीस वर्षांनी महापालिका तीच १२ फुटांची वाट ९ मीटर करायला येते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांतून सुमारे पावणेतीन-पावणेतीन मीटर जातात. तोवर जिना, शौचालय आणि पाण्याची टाकी नेमकी त्याच पट्ट्यात बांधलेली असते.

एफएसआयवरही, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं यावरही, याचा परिणाम होतो. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला दाट वस्तीबाहेर मूळ १.१ एफएसआयच मिळतो. प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा बांधकाम हक्क) घेऊन वाढवता येत नाही. पुढे कधी इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं तर त्या गल्लीत पुनर्विकासाचं गणितच बसत नाही.

हद्दवाढीचा कालक्रम पाहिला की विलंब कुठे साचतो ते दिसतं. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावं आली. विरोध झाला, २००१ मध्ये त्यातली १५ गावं पूर्ण आणि ५ अंशतः वगळली. उरलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यातला टेकड्यांचा प्रश्न, म्हणजे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, राज्य सरकारने २०१५ मध्ये निकाली काढलं. समावेशानंतर अठरा वर्षांनी! एवढ्या काळात टेकडीच्या पायथ्याला काय काय उगवलं हे सांगायला नको. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला बंदी आहे, पण मधल्या वर्षांत ती पाहणारं कोणी नव्हतं. पुढे २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३, आणि पुणे महापालिका सुमारे ५१८ चौरस किलोमीटरची, मुंबई महापालिकेपेक्षा मोठी झाली. लगेच सरकारने त्या २३ गावांसाठी पीएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे मिळकतकर आणि कचरा महापालिकेकडे, बांधकाम परवानगी आणि तिचं शुल्क दुसरीकडे. सेवा द्यायची एकाने आणि विकास शुल्क घ्यायचं दुसऱ्याने, ही मांडणी कोणत्याही शहरात नीट चालत नाही. पीएमआरडीएचा स्वतःचा प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती-सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. आराखडा नसला की भिस्त १९९७ मध्ये मंजूर झालेल्या प्रादेशिक आराखड्यावर. तेव्हा हिंजवडीच्या कंपन्याच नव्हत्या.

आराखड्याची कायदेशीर वाट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. कलम २३ खाली इरादा जाहीर होतो, मग सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध, ३० दिवसांत हरकती, कलम २८ खाली नियोजन समितीसमोर सुनावणी, शेवटी कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. या साखळीत नागरिकाच्या हातात एकच कडी आहे, ती ३० दिवसांची. हरकत अर्जाला गट नंबर, भाग नकाशाची प्रत आणि तुमच्या जमिनीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, जोडा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत दोन मिनिटांत संपतो. रस्ता दुसऱ्या बाजूने नेणं कसं शक्य आहे, तिथे सरकारी किंवा मोकळी जमीन किती आहे, हे नकाशावर आखून दिलेला अर्ज वाचला जातो.

आणि आरक्षण पडलं म्हणजे जमीन कायमची गेली असं नाही. मंजुरीपासून दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं. पूर्वी ही मुदत १२ महिने होती, २०१५ मध्ये वाढवली. जुने सल्लागार अजून १२ सांगतात.

पाण्याचा विषय सगळ्यात जास्त लपवला जातो. जलजीवन मिशनची गावातली नळयोजना माणशी ५५ लिटरवर आखलेली असते, शहरासाठी निकष माणशी १३५ लिटर. दोनशे सदनिकांची सोसायटी घ्या, घरटी चार माणसं. रोज १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे अकरा टँकर. एका सोसायटीला! गाव महापालिकेत गेल्याने हा आकडा एका थेंबानेही बदलत नाही, कारण जलवाहिनीला साठवण टाकी लागते, टाकीला जागा लागते आणि जागा आराखड्यात आरक्षित झालेली नसते. धरणाच्या बाजूनेही हात मोकळा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळात आंदोलन झालं, ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. शहर वाढतं तेव्हा ते कुणाच्या तरी पाटातून पाणी उचलतं.

गुणवत्तेचं काय होतं हे जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. गुईलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात एकवटले. ही सगळी महापालिकेत नव्याने आलेली गावं, पाणी विहिरीचं, जलशुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं. विहिरीत क्लोरीन टाकणं हे शुद्धीकरण नव्हे. नळाच्या शेवटच्या टोकाला उरलेलं क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी असायला हवं. सोसायटीच्या कमिटीने टाकीत नव्हे, वरच्या मजल्याच्या नळाला ते तपासावं. किट स्वस्त मिळतं.

मैलापाण्याकडे ग्राहक बघतच नाही. गावठाणात शोषखड्डे असतात, ते वस्ती विरळ असेपर्यंत चालतात. पुढे त्यांचं पाणी जवळच्या ओढ्यात जातं आणि ओढ्याच्या कडेला भराव टाकून प्लॉट पाडलेले असतात. आंबील ओढा कात्रज-भिलारेवाडीच्या डोंगरातून निघतो आणि शहरातून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुटून वाहिला, माणसं गेली. तेव्हा खालचा ओढा महापालिकेत होता आणि वरची भिलारेवाडी, मांगडेवाडी हद्दीबाहेर. वर काय चाललंय यावर खालच्या कार्यालयाचा काही अधिकार नव्हता. हद्दवाढीच्या बाजूने बोलायचं तर माझ्या मते हेच एक निर्विवाद कारण : पाणलोट एका हाताखाली असावा.

करांबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी असते. महापालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ नुसार नव्या गावांना पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा दर, त्यानंतर २०, ४०, ६०, ८० अशा पायऱ्या आणि मग पूर्ण दर. खरा चटका बसतो तो अनधिकृत बांधकामाला. कलम २६७-अ खाली मूळ मिळकतकराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे एकूण तिप्पट. पिंपरी-चिंचवडची शास्ती सरकारने २०२३ मध्ये माफ केली, त्यामुळे ‘होतं माफ कधीतरी’ असं म्हणणारे भेटतील. माफी कराची झाली, बांधकाम त्याने अधिकृत झालं नाही. कर वाढला आणि सेवा आल्या नाहीत की गावं बाहेर पडायची मागणी करतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही कचरा डेपोची गावं २०१७ ला आत आली आणि २०२४ ला वेगळी नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कथा तर १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत, २०२० ला त्यातली १८ वगळायचा निर्णय आणि तो उच्च न्यायालयात रद्द. दर फेरीला दप्तर हलतं, कर्मचारी हलतात आणि आराखडा शून्यापासून सुरू होतो.

मग शहरं कायद्याने एक करावीत का? सांगली-मिरज-कुपवाडची १९९८ मध्ये एकच महापालिका झाली. उलट कोल्हापूर १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून आपल्या सुमारे ६७ चौरस किलोमीटरमध्येच आहे. भोवतीच्या उचगाव, पाचगाव, कळंब्यात शहर कधीच शिरलं आहे, हद्द मात्र हललेली नाही. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. पुण्याने तिसरी वाट धरली. महापालिका दोन, पण बस एक : २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, मिळून पीएमपीएमएल ही एकच कंपनी. मला हीच वाट बरी वाटते. बस, मैलापाणी, कचरा आणि पाणलोट यांचा कारभार महानगर पातळीवर, गल्लीतले दिवे आणि गटार जवळच्या नगरसेवकाकडे. घटनेच्या कलम २४३-झेडईमध्ये यासाठी महानगर नियोजन समिती आहे आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांनी निवडायचे असतात. ही समिती कागदावरून उठून कामाला लागली तर हद्दवाढीचे निम्मे वाद उरणार नाहीत.

बांधांच्या पट्ट्यांवर उपाय म्हणजे नगररचना योजना. अनेक गट एकत्र धरायचे, आधी रस्ते, बाग, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड म्हणून परत द्यायची. माण-म्हाळुंगेत सुमारे २५० हेक्टरवर असा प्रयोग झाला. शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन केलेलं मगरपट्टा, साधारण ४०० एकर, हे त्याच विचाराचं खासगी रूप. अशा योजनेत क्षेत्र घटतं म्हणून लोक बिथरतात. पण वर काढलेलं गणित पाहा, रीतसर ले-आउटमध्येही पाव हिस्सा जातोच. फरक एवढाच की इथे रस्ता शेजाऱ्याच्या रस्त्याला जोडलेला मिळतो.

मुंबई आणि पुणे एक होतील का, असंही लोक विचारतात. तळेगाव-वडगाव-लोणावळा पट्टा भरत जाईल, तिकडून पनवेल-खोपोलीही. मध्ये बोरघाट आहे, खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. तिथे सलग वस्ती होत नाही.

आता खरेदीचं. तपासण्याचा क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्याच पायरीवर नापास झालं तर पुढचा खर्च वाचतो. आधी गट नंबर घेऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. विक्रेत्याने दाखवलेली झेरॉक्स चालत नाही. शेती किंवा ना-विकास झोन असेल तर थांबा. मग गटावरून जाणाऱ्या रेषा : नदी-ओढ्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, रस्ते विकास महामंडळाच्या वर्तुळाकार मार्गाचा ११० मीटरचा पट्टा, उच्चदाब वीजवाहिनी, दिघी-देहूरोडला दारूगोळा कोठाराचा रेड झोन, लोहगावजवळ हवाई दलाची उंचीची मर्यादा. त्यानंतर सातबारा. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. ‘इतर हक्क’ रकाना वाचा आणि निदान तीस वर्षांचे फेरफार काढून वारसांत बहिणींची नावं कुठे गळली का ते पाहा. पुण्याच्या आसपासचे बहुतेक दावे तिथूनच निघतात.

अकरा गुंठ्यांचं एक खरेदीखत आणि त्यात दहा जणांची सामाईक नावं, ही तुकडेबंदीतून, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी करणाऱ्या कायद्यातून, काढलेली जुनी पळवाट. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागतं, पण तुमचा गुंठा कोणता ते कुठेच लिहिलेलं नसतं. बँक कर्ज देत नाही आणि एक सहहिस्सेदार फिरला की सगळे अडकतात. तुकडेबंदी शिथिल होऊन दस्त वैध ठरला तरी त्याने झोन बदलत नाही. गुंठेवारी नियमितीकरणाची मुदतरेषा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली आहे, त्यानंतरच्या प्लॉटला ‘नियमित करून देतो’ म्हणणाऱ्याकडून कलम लिहून मागा. प्लॉटिंग ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक हवाच. ग्रामपंचायतीचा बांधकाम दाखला आणि घरपट्टीचा उतारा हे परवानगीचे कागद नव्हेत.

शेवटी पोचरस्ता. मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत टेप धरून रुंदी मोजा, सगळ्यात अरुंद ठिकाणी. तो रस्ता कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते पाहा. खासगी असेल तर तुमच्या खरेदीखतात वहिवाटीचा हक्क गट नंबर, लांबी, रुंदीसह लिहिलेला हवा. ‘पूर्वापार वाट आहे’ हे शब्द पुरत नाहीत. भूमी अभिलेखची मोजणी येऊन ‘क’ प्रत हातात पडेपर्यंत टोकनच्या पलीकडे रक्कम देऊ नका, आणि टोकनच्या पावतीवर मोजणीत क्षेत्र किंवा रस्ता कमी भरल्यास पैसे परत, एवढी एक ओळ लिहून घ्या.